कोकम बटर जरूर विका, पण सालीचे गुण बीच्या डबीवर चिकटवू नका

मागच्या बॅचमधल्या एका ताईंनी मला त्यांच्या नव्या प्रॉडक्टचं लेबल बघायला पाठवलं. कोकम बटर, पन्नास ग्रॅमची टिनची डबी, माल सासरच्या गावाहून आलेला, अस्सल. डबी दिसायला एकदम छान. पण लेबल वाचायला घेतलं आणि मी मोजतच राहिलो. वजन घटवतं, चरबी जाळतं, कॅन्सररोधक, मधुमेहात उपयुक्त, सांधेदुखी, एक्झिमा, वांग, केसगळती, भाजलेल्या जखमा, आणि वर व्हिटॅमिन ई आणि सी भरपूर. अकरा दावे. पन्नास ग्रॅमच्या डबीत अकरा दावे!

ताईंचं उत्तर सरळ होतं, "दादा, सगळेच लिहितात." खरंय. ऑनलाइन कोकम बटर शोधा, अर्ध्याहून जास्त डब्यांवर यातले पाच-सहा दावे सापडतील. एकाने दुसऱ्याचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं कॉपी केलंय. आणि हे सगळं लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःला विचारलं असेल की हे गुण कोकमाच्या नक्की कुठल्या भागाचे आहेत?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या दाव्यांमधले वजन, चरबी आणि कॅन्सरवाले दावे कोकमाच्या सालीवरच्या संशोधनातून उचललेले आहेत आणि तुम्ही विकताय बीचं तेल. साल वेगळी, बी वेगळी. आणि गंमत म्हणजे बीच्या तेलाची स्वतःची खरी गोष्ट इतकी चांगली आहे की उसनी गोष्ट लावायची गरजच नाही.

थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्या बॅचमध्ये विदर्भ-मराठवाड्यातली मंडळीही असतात. ताजं फळ म्हणजे रातांबा, गोव्यात भिरंड. साल सुकवून, रसाचे हात देऊन होतं आमसूल. मीठ घालून काढलेला रस म्हणजे आगळ. हे सगळं झालं की उरते बी. फोडून आतला गर काढायचा, कुटायचा, पाण्यात उकळायचा. तेल वर तरंगतं, ते काढून घ्यायचं. गार झालं की ते दगडासारखं घट्ट होतं, म्हणून पूर्वी बायका ते कोमट असतानाच मुठीत वळून अंड्याएवढे गोळे करायच्या. म्हणून त्याला मुठेल म्हणतात. गोव्यात भिंडेल किंवा भिरंडेल. आज आपण इन्स्टावर 'कोकम बटर' म्हणून विकतो ते हेच. बीच्या वजनाच्या साधारण पाव भाग तेल असतं, घरगुती पद्धतीने त्याहून कमीच हाताला लागतं.

मनोरीत माझं दुकान आहे. आगळ, आमसूल, बॉटल मसाला असा माल. कोकमाचा माल मी तळकोकणातून मागवतो. शनिवार-रविवारी मार्व्याहून बोटीने येणारं गिऱ्हाईक डबी हातात घेतं, उघडतं, नखाने खरवडतं आणि विचारतं, "हे इतकं कडक का आहे? मेण मिसळलंय का?" या एका प्रश्नाचं उत्तर तुम्हाला नीट देता आलं तर तुमचा माल विकला जातो. आणि ते उत्तर केमिस्ट्रीत आहे.

डबीत नक्की काय आहे

कुठलंही तेल किंवा तूप घ्या, त्याचा एक कण म्हणजे ग्लिसरॉल नावाचा एक दांडा आणि त्याला लटकलेली तीन फॅटी आम्लं. तेल पातळ की घट्ट, लवकर खवट होणार की टिकणार, हे ती तीन आम्लं कोणती यावर ठरतं.

कोकमाच्या तेलात मुख्य आम्लं दोनच. स्टिअरिक आम्ल साधारण ५० ते ६० टक्के, ओलेइक आम्ल साधारण ३५ ते ४० टक्के. पामिटिक आणि लिनोलेइक ही बाकीची मंडळी दोन-चार टक्क्यांत आटोपतात. स्टिअरिक हे सरळ काठीसारखं, म्हणजे संपृक्त. एकावर एक रचलं की गच्च बसतं. ओलेइक मधे वाकलेलं, ऑलिव्ह तेलात मुख्य असतं ते. आणि कोकमाची खासियत ही की त्याच्या बहुतेक कणांमध्ये रचना एकच असते. दोन्ही टोकांना स्टिअरिक आणि मधे ओलेइक. सगळे कण एकसारखे, त्यामुळे रचणही एकसारखं. म्हणून ते कडक असतं, हातात घेतलं तर तुटतं, आणि वितळायला लागलं की बऱ्यापैकी एकदम वितळतं.

आता आकडे बघा. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळतं, म्हणून डिसेंबरच्या सकाळी आपल्या बाटलीत ते गोठलेलं असतं आणि एरवी पातळ. चॉकलेटमधलं कोको बटर ३४ ते ३६ अंशांच्या आसपास. कोकमाचं तेल ४० अंशांच्या आसपास. म्हणजे मे महिन्यात, पंखा बंद असलेल्या दुकानातसुद्धा तुमची डबी पातळ होऊन झाकणातून गळणार नाही. शिया बटर विकणाऱ्याला विचारा, उन्हाळ्यात कुरियरने माल पाठवताना काय काय होतं ते.

तर त्या गिऱ्हाइकाला उत्तर असं, "मेण नाही ताई, कोकमाचं तेल मुळातच असं घट्ट असतं. थोडं खरवडून दोन तळव्यांमध्ये चोळा, मग लावा." आपल्या त्वचेच्या वरच्या थराचं तापमान ३२-३४ अंशांच्या आसपास असतं, म्हणून ते नुसतं ठेवलं की वितळत नाही, चोळावं लागतं. ही सूचना डबीवर छापा. ही एक ओळ नसल्यामुळे कडक म्हणून डबी परत आलेली मी पाहिली आहे.

याच केमिस्ट्रीमुळे या तेलाला जगाच्या बाजारात जागा आहे. युरोपियन युनियनच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक निर्देशात कोको बटरखेरीज सहाच वनस्पती स्निग्ध पदार्थांना परवानगी आहे, तीही चॉकलेटच्या ५ टक्क्यांपर्यंत. त्या सहांच्या यादीत आपलं कोकम आहे, साल आहे म्हणजे जंगलातलं सालवृक्षाचं बी, आणि आंब्याच्या कोयीतल्या गराचं तेलही आहे. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी अन्न संशोधन संस्थेने कोकमाचं तेल चॉकलेटमध्ये घालून पाहिलं आहे. चॉकलेट उन्हाळ्यात जास्त तग धरतं, हा त्यातला फायदा. आमसूल करून झाल्यावर खळ्याच्या कडेला ढीग घातलेल्या बियांबद्दल बोलतोय मी.

मग ते अकरा दावे आले कुठून?

सालीतून. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असतं, सगळे एचसीए म्हणतात. त्याची ओळख पटवली ती आपल्याच लोकांनी. सीएफटीआरआयमधल्या लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली, कोकमाच्या केरळी भावंडात म्हणजे माशाच्या कालवणात घालतात त्या कुडमपुळीत. पुढे हे आम्ल शरीरात चरबी तयार होण्याच्या एका टप्प्याला अडवतं असं प्रयोगशाळेत दिसलं आणि जगभर वजन घटवण्याच्या गोळ्यांचा धंदा सुरू झाला. मग १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक नीट केलेली चाचणी छापून आली. १३५ माणसं, १२ आठवडे, रोज दीड ग्रॅम एचसीए. बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा वजनात काही ठळक फरक निघाला नाही.

म्हणजे ज्या सालीतल्या आम्लाच्या जिवावर हा दावा उभा आहे, तिथेच तो नीट उभा राहत नाही. आणि हे आम्ल पाण्यात विरघळणारं आहे. आगळात उतरतं ते. बी धुवून, सुकवून, फोडून काढलेल्या तेलात त्याला शोधायला जाऊ नका.

कॅन्सरचंही तसंच. सालीत गार्सिनॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं, त्याच्यावर पेशींमध्ये आणि उंदरांमध्ये पुष्कळ संशोधन झालंय. संशोधन चालू राहू दे, चांगलंच आहे. पण पेशीवर दिसलेला परिणाम आणि टाचेला चोळलेली डबी यांच्यामध्ये किती अंतर आहे! व्हिटॅमिन सी तर पाण्यात विरघळणारं, ते तेलात कसं येणार? व्हिटॅमिन ई तेलात असू शकतं, पण किती ते तेल कसं काढलं आणि किती रिफाइन केलं यावर जातं. तुमच्या बॅचचा लॅब रिपोर्ट हातात असेल तर आकड्यासकट लिहा. नसेल तर तो शब्दच नको.

खाण्याबद्दलही लोक विचारतात. कोकणात हे तेल खाल्लं गेलंय, त्यात नवल नाही. अन्न सुरक्षेच्या नियमांत कोकमाच्या तेलाचं वेगळं मानकसुद्धा आहे. स्टिअरिक आम्ल हे संपृक्त असूनही पामिटिकसारखं रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवत नाही, हे १९८८ साली बोनानोम आणि ग्रंडी या संशोधकांनी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये दाखवलं. ही माहिती खरी आहे. पण तो अभ्यास स्टिअरिक आम्लाचा होता, कोकम बटरच्या डबीचा नव्हता. त्यावरून 'हृदयासाठी उत्तम' असं छापणारा माणूस पुन्हा तोच खेळ खेळतोय. आधी सालीचं बीवर ढकललं, आता आम्लाचं डबीवर.

खरा फायदा कोणता

आपल्या कातडीतून पाणी सतत उडत असतं. टाचेची कातडी जाड, तिथे तेलग्रंथी नाहीत. ती कोरडी झाली की ताठ होते आणि शरीराचं वजन पडलं की फाटते. त्याच भेगा. कोकमाचं तेल लावलं की वर एक घट्ट थर बसतो, पाणी उडणं कमी होतं, कातडी मऊ होते, वाकते, आणि नव्याने फाटत नाही. ओठांचंही तेच. इतकंच काम आहे, आणि हे काम ते फार छान करतं. पातळ तेल पुसलं जातं, चपलेला लागतं. हे घट्ट असल्यामुळे टिकतं. रात्री पाय धुवून, ओलसर असतानाच लावून मोजे घातले तर जास्त चांगलं.

इंग्रजांच्या काळातसुद्धा लोकांना हे कळत होतं. १८६८ सालच्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया'मध्ये कोकमाच्या या तेलाची नोंद आहे, आणि त्याचं महत्त्व मलमाचं माध्यम म्हणून. औषध त्यात कालवायचं, ते स्वतः औषध नव्हे. दीडशे वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांनी जो फरक पाळला तो आपण एका कॅनव्हाच्या टेम्प्लेटमध्ये विसरतोय.

यात धंद्यापलीकडचीही एक बाब आहे. आमच्या भागातल्या मासळी विकणाऱ्या एक मावशी दुकानात आल्या. दिवसभर बर्फाचं पाणी, खारं पाणी, पायांच्या टाचा चिरलेल्या. त्यांनी पिशवीतून अर्धी वापरलेली डबी काढली, कुठल्या तरी प्रदर्शनातून घेतलेली, आणि म्हणाल्या हीच द्या. डबीवर ठळक अक्षरांत 'मधुमेहींच्या पायांसाठी खास'. मावशींना साखर आहे, बारा वर्षं. पाऊल बघितलं तर एका भेगेतून पाणी येत होतं आणि कडेने लाल झालं होतं. दुखतंय का विचारलं, तर म्हणाल्या, "नाय रे, काय पण दुखत नाय." मंडळी, हे 'दुखत नाही' जास्त वाईट आहे. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना जाते, जखम कळत नाही, आणि ती चिघळली तर बोट कापण्यापर्यंत, पाय कापण्यापर्यंत गोष्ट जाते. मावशी तीन आठवडे त्या भेगेत तेल भरत होत्या, कारण डबीवर तसं लिहिलं होतं. त्यांना मी डबी दिली नाही, त्यांच्या मुलाला फोन करून त्याच दिवशी बोटीने पलीकडे दवाखान्यात न्यायला सांगितलं. वेळेत गेल्या.

डबी बनवणाऱ्याने तेलात भेसळ केली नव्हती. तेल अस्सल असेल. लेबल खोटं होतं.

म्हणून माझ्या मते प्रत्येक डबीवर एक ओळ असायलाच हवी: भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल, किंवा तुम्हाला मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा. कोणी म्हणेल, अशी ओळ लिहिली तर गिऱ्हाईक पळेल. माझा अनुभव उलटा आहे. ती ओळ वाचून लोक म्हणतात, हा माणूस खरं बोलतो, आणि दुसरी डबी घरच्यांसाठी घेतात.

कायदा थोडक्यात, कारण याच्यावर वेगळा व्हिडिओ आहेच

'त्वचा मऊ ठेवतं' म्हणालात तर तुमचं प्रॉडक्ट कॉस्मेटिक. 'एक्झिमा बरा करतं' म्हणालात तर तुम्ही औषध विकताय आणि त्याचे नियम वेगळेच. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज हा १९५४ चा कायदा आहे, त्याच्या यादीतले आजार बरे करण्याची जाहिरात करायला बंदी आहे. त्या यादीत मधुमेह आहे, कॅन्सर आहे, लठ्ठपणासुद्धा आहे. ताईंच्या लेबलवरचे पहिले चार दावे तिथेच गेले.

कॉस्मेटिक म्हणून विकायचं तरी २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो, आपल्याकडे तो राज्याच्या एफडीएकडून मिळतो. "दादा, मी बनवत नाही, फक्त मोठ्या डब्यातून छोट्या डबीत भरते." भरणं आणि लेबल लावणं हेही कायद्याच्या भाषेत उत्पादनच. 'फक्त बाह्य वापरासाठी' लिहून परवाना चुकत नाही. सुरुवातीला परवाना असलेल्या युनिटकडून भरून घ्या. मी तेच करतो. त्यात मार्जिन थोडं जातं, झोप मात्र लागते.

आणि ज्यांना वाटतं की लेबल साधं ठेवू आणि दावे रीलमध्ये करू, त्यांच्यासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. उत्पादकाला, आणि जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही. रील ही जाहिरातच आहे.

'केमिकल-फ्री' हा शब्दही काढा बरं. स्टिअरिक आम्ल काय आहे मग, भजन? 'सुगंध आणि रंग न घालता' असं लिहा, ते खरं आहे आणि त्याचा अर्थही लागतो.

माल घेताना बघायची एक ओळ

इथे केमिस्ट्री तुमचे पैसे वाचवते, म्हणून जरा थांबून वाचा. बाजारात कोकम बटर दोन रूपांत येतं. गावचं मुठेल पिवळसर-करडं असतं, त्याला स्वतःचा वास असतो. रिफाइन केलेलं पांढरं, बिनवासाचं, बहुतेक वेळा सॉल्व्हंटने काढलेलं. दोन्ही वाईट नाहीत, पण कुठलं ते गिऱ्हाइकाला खरं सांगा. पांढऱ्या चिप्स घेऊन त्यावर 'आजीच्या पद्धतीने' असं छापू नका.

भेसळ होते ती स्वस्त पामच्या घट्ट भागाची किंवा मेणाची. डोळ्याने कळत नाही. पण एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमधून फॅटी आम्लांचा रिपोर्ट काढला की त्यात पामिटिक आम्लाची ओळ बघा. अस्सल कोकमात पामिटिक दोन-पाच टक्के. पाम तेलात ते ४० टक्क्यांच्या वर असतं. तुमच्या रिपोर्टमध्ये पामिटिक १५ आलं तर पुरवठादाराला फोन लावा आणि त्याला आकडा वाचून दाखवा, पुढे काही बोलायची गरज पडत नाही. मेण मिसळलं असेल तर ते या ओळीत दिसेलच असं नाही, त्यासाठी सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू मागा. मेणाचा साबण होत नाही, त्यामुळे तो आकडा घसरतो.

आयोडीन व्हॅल्यू नावाचा एक आकडा असतो, तेल हवेने किती लवकर बिघडेल याचा अंदाज देणारा. सूर्यफुलात तो शंभरच्या वर, कोकमात साधारण ३५ च्या आसपास. म्हणून कोकमाचं तेल चांगलं टिकतं. ही आहे तुमची खरी सेलिंग लाइन: रंग-सुगंध काही न घालता टिकणारं, उन्हाळ्यात न वितळणारं.

खर्चाचं बोलू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा तेल किलोला ८०० रुपयांनी पडलं, म्हणजे पन्नास ग्रॅमचे ४०. डबी १८, लेबल ४, भरणावळ १५, वाया जाणं आणि वाहतूक ८. झाले ८५. विक्री १९९ ला, दुकानदाराचे ३० टक्के म्हणजे ६० गेले, तुमच्या हातात १३९. जीएसटी बाजूला ठेवला तर ५४ उरले. आता ५०० डब्यांच्या एका बॅचसाठी तपासणीवर ६,००० खर्च केले तर डबीमागे १२ रुपये. उरले ४२. लोक मला विचारतात, "१२ रुपये कशाला घालवायचे?" तर उलटं गणित करा. दहा लाखांचा दंड एकदा बसला तर ४२ रुपयांनी तो भरायला जवळपास २३,८०० डब्या विकाव्या लागतील. बीबीएच्या तीन वर्षांत रिस्क मॅनेजमेंटचे जेवढे तक्ते काढले त्यात हा एक भागाकार कोणी घातला असता तर बरं झालं असतं.

पण दावे नसतील तर विकणार कसं, हा प्रश्न उरतो आणि तो खोटा नाही. शेजारच्या स्टॉलवर अकरा दाव्यांची डबी असेल तर सुरुवातीला तिच्याकडे गर्दी होईल. ती गर्दी मी रोखू शकत नाही. पण टाचेचं काम करणारं तेल हे पुन्हा पुन्हा घेण्याचं प्रॉडक्ट आहे. थंडी आली की संपतं, परत लागतं. वजन कमी होईल म्हणून घेतलेली डबी दुसऱ्यांदा कोणी घेत नाही, कारण वजन कमी झालेलं नसतं. शिवाय सांगायला तुमच्याकडे काय कमी आहे? रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या कोकमाला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या जाती दिल्या आहेत. मुठीने वळायचे गोळे, त्यावरून पडलेलं नाव, युरोपच्या चॉकलेटच्या यादीतलं स्थान. एक रील यावर करा. फक्त मानांकनाचं नाव आणि लोगो लेबलवर वापरायचा असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, ती विचारून घ्या.

जाता जाता एक सावधगिरी. किनाऱ्यावर उंडीची झाडं असतात, तिच्या बियांचंही तेल निघतं. पूर्वी दिव्याला आणि होडीच्या लाकडाला लावायचे. परदेशात ते 'तमानू' नावाने महाग विकलं जातं म्हणून आता काहीजण कोकमाबरोबर उंडीही सुरू करतायत. करा, पण उंडीचं तेल खायचं नसतं, आणि त्याची केमिस्ट्री पूर्ण वेगळी आहे. कोकमाचं लेबल कॉपी करून नाव बदललं असं चालणार नाही. भांडी आणि गाळण्याही वेगळ्या ठेवा.

ज्यांना लिप बाम किंवा पायाचं क्रीम करायचंय त्यांच्यासाठी. नुसतं कोकम बटर खूप कडक, म्हणून त्यात खोबरेल किंवा तिळाचं तेल घालून मऊ करतात. सुरुवात निम्मं-निम्मं अशा छोट्या ट्रायलने करा आणि तीच डबी फ्रीजमध्ये, मग दुपारी उन्हात, असं आठवडाभर फिरवून बघा. मिश्रण सावकाश गार झालं तर कधी कधी रवाळ होतं. ती भेसळ नव्हे, स्निग्धाचे स्फटिक मोठे झालेले असतात. पुन्हा वितळवून पटकन गार करा.

आणि माल थेट गावातून घेणार असाल तर बियांची चौकशी पावसाआधी करा. रातांबे एप्रिल-मेमध्ये निघतात, आमसुलाच्या घाईत बी अंगणात पडून राहते आणि पहिल्या सरीत भिजते. भिजलेल्या बीला बुरशी धरते, तेलातलं सुटं आम्ल वाढतं आणि वास येतो, मग कितीही रिफाइन करा. बायकांना बी सुकवून कोरडी ठेवण्याचे किलोमागे दोन रुपये जास्त द्यायचं आधीच ठरवा, आणि पहिल्या खेपेचा नमुना लॅबला पाठवताना ॲसिड व्हॅल्यूवर खूण करायला विसरू नका.